मोटारीच्या टाकींतील फ्लोट घरच्या घरीं निर्धोकपणें कसा बदलावा

शेतकऱ्याच्या अंगणांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. आज तेथें ट्रॅक्टर, जीप, मालवाहू टेंपो किंवा लहान मोटार उभी दिसते. बैलांनीं किती वैरण खाल्ली हें धन्यास समोर दिसे. मोटारीच्या टाकींत किती तेल उरलें आहे हें मात्र चालकासमोरील एका लहानशा कांट्याच्या सांगण्यावरून मानून घ्यावें लागतें. तो कांटा खरें सांगतो तोंपर्यंत त्याची कोणास आठवणहि होत नाहीं. परंतु एकदां तो खोटें सांगूं लागला म्हणजे त्याचें महत्त्व कळतें. दुधाचे कॅन घेऊन निघालेली गाडी वाटेंत थांबते, उसाचा भरलेला ट्रॅक्टर चढावर बंद पडून मागें गाड्यांची रांग लागते, आणि रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेतांना असा प्रसंग आला तर त्याचें मोल पैशांत करतां येत नाहीं.

केवळ खोळंबा होतो इतकेंच नव्हे. डिझेलची गाडी तेल संपून थांबली म्हणजे नळ्यांत हवा शिरते व ती काढल्यावांचून इंजिन पुन्हां चालूं होत नाहीं. नवीन पेट्रोल गाड्यांत विजेचा पंप टाकीच्या आंतच बसविलेला असतो आणि सभोंवारच्या पेट्रोलनेंच तो थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली तर हा महागडा पंप जळतो. म्हणजे थोडक्या किंमतीच्या फ्लोटकडे दुर्लक्ष केल्यास त्याच्या कित्येकपट खर्च अंगावर येतो.

आमचें उचगांव पुणें-बंगळूर हमरस्त्याच्या कडेस आहे. तावडे हॉटेलच्या चौकापासून शिरोलीपर्यंत व शहरांत उद्यमनगरापर्यंत कसबी मिस्त्री व सुट्या भागांचीं दुकानें यांची वाण नाहीं. तथापि हंगामांत मिस्त्र्यास सवड नसते, आणि शेतकऱ्यांचीं मुलें मोबाइलवर चित्रफीत पाहून पान्हा हातीं घेतात. चित्रफिती बहुधा स्क्रू कसे काढावे तें दाखवितात. पेट्रोलची वाफ डोळ्यांस दिसत नसल्यामुळें ती दाखवीत नाहींत. आणि या कामांतील खरा धोका तर त्या न दिसणाऱ्या वाफेचाच आहे. म्हणून फ्लोट कसा बदलावा याबरोबरच तो कोणी व कोठें बदलूं नये याचाहि विचार आम्हीं या लेखांत केला आहे.

कांटा कसा चालतो

प्रारंभींच्या मोटारींस असा कांटा नसे. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध 'टी' मोटारींत टाकींत लांकडी पट्टी बुडवून, ती किती भिजली यावरून पेट्रोल मोजीत. आपल्याकडे विहिरीवरील ऑइल इंजिनाच्या टाकींत काडी घालून पाहणारे शेतकरी हेंच करीत असत. पुढें फोर्डच्याच 'ए' मोटारींत टाकी चालकासमोर असल्यानें आंतील तरंगता गोळाच कांटा हालवीत असे. टाकी मागें गेली तेव्हां हें जमेना, आणि विजेच्या तारेनें निरोप आणण्याची युक्ति रूढ झाली. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यांत छत्रपतींची जी मेबॅक मोटार लोक कौतुकानें पाहतात तिच्या काळीं, म्हणजे १९३० नंतरच्या दशकांत, विजेचे कांटे सर्वत्र प्रचारांत आले होते. आजहि मूळ कल्पना तीच आहे.

टाकींत एक हलका, पोकळ किंवा सच्छिद्र द्रव्याचा गोळा तेलावर तरंगत असतो. यासच मिस्त्री लोक फ्लोट म्हणतात; दुकानांत संपूर्ण वस्तु 'टँक युनिट' या नांवानेंहि मिळते. हा गोळा तारेच्या एका दांडीस जोडलेला असतो. तेल वाढलें कीं दांडी वर जाते, उतरलें कीं खालीं येते. दांडीच्या दुसऱ्या टोकास धातूची एक लहान जीभ असते. ती अवरोधाच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहास अडथळा करणाऱ्या पट्टीवरून सरकते. जीभ पट्टीच्या ज्या ठिकाणीं असेल त्या मानानें अडथळा कमी-जास्त होतो, त्या मानानें वीज कमी-जास्त वाहते, आणि तेवढाच कांटा हालतो. पाटाच्या दाराची फळी वरखालीं केल्यानें पाणी जसें कमी-जास्त सुटतें तसाच हा प्रकार आहे.

यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सर्व गाड्यांचा हिशेब एक नसतो. कांहीं गाड्यांत टाकी रिकामी असतां अडथळा जवळ जवळ शून्य व भरली असतां जास्त असतो. कांहींत याच्या नेमकें उलट असतें. अडथळ्याचें मोजमापहि निरनिराळें असतें. म्हणून 'बसतो तो चालतो' या न्यायानें दुसऱ्या गाडीचा फ्लोट घातल्यास, टाकी भरलेली असतां कांटा रिकामी दाखवील व रिकामी असतां भरलेली दाखवील. आपल्याच गाडीचें नांव, प्रकार व सन सांगून वस्तु घ्यावी.

दोष कोठें आहे तें आधीं ठरवावें

कांटा खोटा सांगतो याचा अर्थ फ्लोट बिघडला असाच होत नाहीं. टाकी उघडण्यापूर्वीं खालील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

पहिली गोष्ट, फ्यूज. तो जळला असेल तर टाकीस हात लावण्याचें कारण नाहीं. दुसरी, शेजारचा उष्णतेचा कांटा. जुन्या गाड्यांत दोन्ही कांट्यांस एकाच लहान नियामकांतून वीज जाते. दोन्ही एकदम चुकत असतील तर दोष नियामकांत असतो, फ्लोटांत नव्हे. तिसरी, तार. गोठ्याजवळ किंवा कणगीशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात. याचा अनुभव नसलेला शेतकरी विरळा. चौथी, अर्थची तार. टाकीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी ही तार गंजली किंवा ढिली झाली म्हणजे कांटा नाचूं लागतो. चिखलांत व शेणांत फिरणाऱ्या गाडीस हा दोष फार होतो, आणि तो दूर करण्यास कानशीचा तुकडा व पांच मिनिटें पुरतात.

याउपर कांट्याची वागणूक पाहावी. टाकी भरली तरी कांटा तळाशीं राहत असेल तर गोळ्यास भोंक पडून तो बुडाला असण्याचा संभव आहे. ठराविक जागीं कांटा उडी मारीत असेल तर पट्टीचा तेवढा भाग झिजला आहे असें समजावें. जी गाडी नेहमी पाव टाकीवर चालविली जाते तिची पट्टी त्याच जागीं झिजते. पेट्रोल भरल्यानंतर नवीन गाड्यांचा कांटा सावकाश चढतो हा दोष नव्हे. रस्त्याच्या धक्क्यांनीं तो नाचूं नये म्हणून तशी योजनाच असते.

फ्लोट स्वतंत्र असून त्याचा जोड टाकीच्या बाहेर हातीं लागत असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. टाकी न उघडतां तो जोड सोडावा, नवीन फ्लोट त्या तारेस बाहेरच्या बाहेर जोडावा, किल्ली फिरवून दांडी हातानें हळूहळू वरखालीं करावी आणि कांटा पाहावा. जुन्या गाड्यांत फ्लोटास अर्थ त्याच्या धातूच्या तबकडींतून मिळते; तेथें तबकडीपासून सांगाड्यापर्यंत एक सुटी तार जोडावी लागते. कांटा बरोबर हालला तर तार व कांटा दोन्ही निर्दोष आहेत, दोष टाकींतील वस्तूचाच आहे, आणि आणलेली नवी वस्तुहि योग्य आहे, अशा तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात. मात्र हें सर्व टाकी पूर्ण बंद असतांनाच करावें. पंप व फ्लोट एकत्र असलेल्या गाडींत हा प्रयोग करूं नये; पंप कोरडा फिरेल. तसेंच तारेचीं टोकें एकमेकांस लावून कांटा हालवून पाहण्याची जुनी रीत नवीन गाड्यांत करूं नये. त्यांतील नाजुक विद्युत्-यंत्रणा बिघडते. तेथें मल्टिमीटरनें अडथळा मोजावा.

हें काम घरीं कोणी करूं नये

ज्या गाडीची टाकी खालीं उतरविल्यावांचून फ्लोट हातीं येत नाहीं, ती गाडी मिस्त्र्याकडे न्यावी. जॅकवर तोललेल्या गाडीखालीं निजून पेट्रोलनें जड झालेली टाकी छातीवर घेणें हें धाडस आहे, काटकसर नव्हे. सी.एन.जी.वर चालणाऱ्या गाडीच्या वायूच्या भागांस हात लावूं नये. त्या टाकींत सुमारें २०० पट वातावरणाचा दाब असतो व तिचा मापकहि निराळ्या तत्त्वावर चालतो. हमीच्या मुदतींतील गाडी आपण उघडल्यास हमीचा हक्क बुडण्याचा संभव असतो. ज्यास एकटें काम करावें लागणार आहे त्यानें तें पुढें ढकलावें. मदतीस जाणता मनुष्य असल्याखेरीज पेट्रोलची टाकी उघडूं नये.

घरीं करण्याजोगीं कामें अशीं : ट्रॅक्टरची डिझेल टाकी, जिच्यावर फ्लोट उघड्यावर स्क्रूंनीं बसविलेला असतो, जुनी जीप, जिची टाकी चालकाच्या बैठकीखालीं असते, आणि ज्या लहान मोटारींत मागील बैठक उचलली असतां खालीं पत्र्याचें झांकण व त्याखालीं फ्लोटाचें तोंड दिसतें अशा मोटारी.

पेट्रोलच्या वाफेचा स्वभाव

पेट्रोल स्वतः जळत नाहीं. त्याची वाफ जळते. ही वाफ शून्याखालीं सुमारें ४० अंश शतमान इतक्या थंडींतहि पेट घेण्याइतकी निघते. म्हणजे आपल्याकडील कोणत्याहि ऋतूंत ती नेहमी हजरच असते. ती हवेपेक्षां तीन ते चार पट जड असल्यामुळें धुरासारखी वर जात नाहीं, तर पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, खड्ड्यांत व मोरींत सांठते, आणि उंबऱ्याखालून घरांत शिरते. दहा-वीस हातांवर चूल पेटलेली असली तर वाफ तेथपर्यंत जाते, तेथें पेटते, आणि ज्वाला तिच्या मागावरून टाकीकडे परत येते. ओसरीवर काम करणारास आग कोठून आली हें कळतहि नाहीं.

हवेंत ही वाफ शेंकडा सुमारें दीडपासून साडेसातपर्यंत असतां ती स्फोटक होते. भरलेल्या बंद टाकींत वाफ यापेक्षां दाट असते. टाकी उघडली कीं बाहेरची हवा मिसळून तोंडाशीं नेमकें घातक प्रमाण तयार होतें. यावरून दोन नियम निघतात. एक, रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षां अधिक भयंकर समजावी; पेट्रोल काढून टाकलें म्हणून तिला डाग देण्यास किंवा वेल्डिंग करण्यास घेऊं नये. दुसरा, उघड्या टाकीजवळ ठिणगीचें कोणतेंहि कारण ठेवूं नये, मग ती ठिणगी कितीहि लहान असो.

डिझेल तुलनेनें सौम्य आहे. आपल्या देशांतील मानकाप्रमाणें त्याचा ज्वलनांक किमान ३५ अंश असतो. परंतु वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची टाकी, आणि इंजिनांतून परत येणारें गरम तेल, यांचा विचार केला तर हा आंकडा दूरचा नाहीं. डिझेल म्हणून बिडी ओढीत काम करणें योग्य नव्हे.

तयारी

जागा मोकळी, सपाट व सावलीची असावी. वारा वाहत असावा. बंद पडवी, गोठा, शेड किंवा खड्डा यांत हें काम करूं नये. विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर, पाणी तापविण्याचा गॅस, फ्रीज, देव्हाऱ्यांतील समई, उदबत्ती, चूल हीं सर्व ठिणगीचीं किंवा ज्वालेचीं ठिकाणें आहेत. घरांतील मंडळींस आधीं सांगून ठेवावें कीं काम संपेपर्यंत त्या बाजूस कांहीं पेटवूं नये व बटण दाबूं नये. मुलें व जनावरें दूर ठेवावीं. खिशांतील मोबाइल व काड्यापेटी घरांत ठेवावी.

गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असावी व टाकींत तेल पाव भागाहून कमी असतां काम काढावें. तेल जास्त असेल तर हातपंपानें काढावें. नळी तोंडांत धरून ओढूं नये. पेट्रोलचा एक घोटभर अंश श्वासनलिकेंत गेला तरी फुप्फुसास सूज येऊन प्राणावर बेततें, आणि पोटांत गेल्यास उलटी करविण्यानें तोच अपाय होतो. अशा वेळीं उलटी न करवितां ताबडतोब दवाखाना गांठावा. काढलेलें पेट्रोल झांकणाच्या मजबूत डब्यांत घ्यावें व भरतांना डबा जमिनीवर ठेवावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्याशिवाय एकंदर ३० लिटरपर्यंतच ठेवतां येतें. कांचेच्या भांड्यांत तर एक लिटरहून अधिक नाहीं. पाण्याच्या बाटल्यांत भरून कोनाड्यांत ठेवण्याची रीत कायद्यास व शहाणपणास दोहोंसहि सोडून आहे.

साहित्य येणेंप्रमाणें असावें : योग्य मापाचे पान्हे व स्क्रू-ड्रायव्हर, लांकडी हातोडी व लांकडी ठोकळा, स्वच्छ सुती फडकीं, पत्र्याचा ट्रे, मऊ ब्रश, खडू, मल्टिमीटर, नवीन फ्लोट व त्याबरोबर नवीन रबरी रिंग किंवा पॅकिंग. आग विझविण्याचें कोरड्या भुकटीचें नळकांडें आणि वाळूच्या दोन बादल्या हाताशीं असाव्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत जातें व आग पसरते. कपडे सुती असावे. नायलॉनच्या कपड्यांत घर्षणानें वीज सांठून ठिणगी पडते. कामास हात घालण्यापूर्वीं व मधून मधून गाडीच्या उघड्या लोखंडास हात लावावा, म्हणजे अंगांतील अशी वीज निघून जाते.

प्रत्यक्ष कृति

प्रथम तेल भरण्याच्या तोंडाचें झांकण सैल करून सांठलेला दाब जाऊं द्यावा व पुन्हां लावावें. पंप टाकींत असलेल्या गाडींत नळीमध्यें दर चौरस सेंटिमीटरास सुमारें तीन किलो किंवा त्याहून अधिक दाब असतो. नळी एकदम काढल्यास पेट्रोल डोळ्यांत उडतें. म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालूं करावें. नळींतील पेट्रोल संपून तें आपोआप बंद पडतें. नंतर किल्ली काढून घ्यावी.

यापुढें बॅटरीची ऋण तार सोडावी व ती पुन्हां टेकणार नाहीं अशी बाजूस बांधावी. हें टाकी उघडण्यापूर्वींच झालें पाहिजे. तार सोडतांना व लावतांना ठिणगी पडते, आणि उघड्या टाकीजवळ ती पडतां कामा नये. गाडीचीं सर्व दारें उघडीं ठेवावीं.

बैठक उचलून झांकण काढल्यावर फ्लोटाच्या तोंडासभोंवारची धूळ ब्रशानें व ओलसर फडक्यानें साफ करावी. ही माती टाकींत पडली तर पुढें गाळणी तुंबते. विजेचा धूळ ओढणारा पंखा किंवा ब्लोअर येथें वापरूं नये. मग विजेचा जोड व नळ्या सोडाव्या. नळीच्या तोंडावर फडकें धरावें. फ्लोट कोणत्या दिशेस बसला आहे त्याची खडूनें खूण करावी. बऱ्याच गाड्यांत स्क्रूंचीं छिद्रें मुद्दाम असमान अंतरावर असतात, त्यामुळें वस्तु एकाच रीतीनें बसते. पण जेथें मोठें वाटोळें कडें असतें तेथें खुणेवांचून चुकण्याचा संभव असतो. कडें घट्ट असल्यास लांकडी ठोकळा लावून लांकडी हातोडीनें हळूहळू फिरवावें. छिन्नी व लोखंडी घण घेऊन ठोकणें म्हणजे चकमक झाडणेंच होय.

फ्लोट सरळ ओढूं नये. तो किंचित् वर घेऊन, तिरपा करून, दांडी तोंडांतून वळवीत बाहेर काढावा. जागच्या जागीं थोडा वेळ निथळूं द्यावा व ट्रेंत ठेवावा. टाकीचें तोंड तत्काळ स्वच्छ फडक्यानें झांकावें. आंत काय आहे हें पाहण्याचा मोह अनावर होतो. तथापि दिवा, काडी किंवा मोबाइलचा उजेड टाकीच्या तोंडाशीं नेऊं नये. दिवसाचा उजेड पुरेसा असतो. म्हणूनच हें काम दिवसाच करावें.

जुना फ्लोट मोकळ्या हवेंत दूर नेऊन, वाळल्यावर नव्याशीं ताडून पाहावा. दांडीची लांबी, तिचा बांक, गोळ्याची जागा व तबकडीचीं छिद्रें जुळलीं पाहिजेत. मल्टिमीटर लावून दांडी तळापासून माथ्यापर्यंत सावकाश फिरवावी. आंकडा एकसारखा बदलत गेला पाहिजे. जेथें तो एकाएकीं नाहींसा होतो किंवा उडी मारतो तेथें पट्टी झिजली आहे. जुन्याचा दोष याप्रमाणें डोळ्यांनीं दिसल्यावांचून नवा बसवूं नये. नाहीं तर खर्च होऊन कांटा पूर्वींसारखाच राहतो. नव्या वस्तूचीहि हीच परीक्षा येथेंच करून घ्यावी.

नवीन रिंग पीळ न पडतां खांचेंत बसवावी. जुनी रिंग एकदां काढली म्हणजे पेट्रोलनें फुगलेली असल्यामुळें पुन्हां नीट बसत नाहीं. चार पैसे वांचविण्यासाठीं ती वापरूं नये, व तिच्याऐवजीं लांबी, साबण किंवा डिंकहि फांसूं नये. ज्या वाटेनें जुना फ्लोट बाहेर आला त्याच वाटेनें नवा आंत घालावा. दांडी वांकतां कामा नये व गोळा भिंतीस लागतां कामा नये. स्क्रू समोरासमोरचे याप्रमाणें थोडे थोडे आंवळावे; एक बाजू पूर्ण आंवळून दुसरीकडे गेल्यास तबकडी तिरपी बसून गळती होते. मग नळ्या, जोड व अर्थची तार लावावी.

सांडलेलें पुसून घ्यावें व निदान अर्धा तास, वास पूर्ण जाईपर्यंत, दारें उघडीं ठेवून थांबावें. त्यानंतरच बॅटरीची तार व फ्यूज लावावा. किल्ली दोन-तीन वेळां फिरवून पंपास दाब भरूं द्यावा, सांधे कोरडे आहेत असें पाहावें, आणि नंतर इंजिन चालूं करावें. ही पाहणी टाकी भरल्यावर पुन्हां एकदां करावी. वरच्या तोंडाची गळती अर्ध्या टाकीवर दिसत नाहीं, ती भरल्या टाकीवर व वळणांत दिसते. गाडींत पेट्रोलचा वास येत राहिला तर ती चालवूं नये.

भिजलेलीं फडकीं गोळा करून डब्यांत कोंडूं नयेत. उघड्यावर पसरून वाळवावीं. टाकाऊ पेट्रोल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. थोडेंसें तेलहि पुष्कळ पाणी नासवितें, आणि आपला प्रत्येक ओढा शेवटीं पंचगंगेसच मिळतो.

इंधनाचा गुण व फ्लोटाचें आयुष्य

फ्लोट लवकर बिघडण्यास इंधनहि कारण होतें. २००४ सालीं अमेरिकेंत फ्लोरिडा व आसपासच्या प्रांतांत गंधकाचा अंश अधिक असलेलें पेट्रोल विकलें गेलें. त्या गंधकानें फ्लोटांतील चांदीचे स्पर्शबिंदु काळे पडून असंख्य गाड्यांचे कांटे चुकूं लागले. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून इंधनांतील गंधक दर दहा लाख भागांत १० पर्यंत उतरविलें आहे, ही त्या दृष्टीनें चांगली गोष्ट झाली.

दुसरा बदल आपल्या शेताशीं संबद्ध आहे. उसापासून व धान्यापासून काढलेलें इथेनॉल पेट्रोलांत शेंकडा २० मिसळण्याचें उद्दिष्ट प्रथम २०३० सालचें होतें. तें अलीकडे आणून २०२५ मध्यें गांठण्यांत आलें. आपल्या उसास त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें. परंतु इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि जुन्या गाड्यांचें रबर त्यास टिकेलच असें नाहीं. पावसाळ्यांत महिनोन्महिने उभी राहणारी जुनी गाडी पेट्रोल भरून तशीच ठेवल्यास टाकी गंजते व गंज पट्टीवर बसतो. फ्लोट व रिंग विकत घेतांना त्या अशा मिश्रणास योग्य आहेत काय हें दुकानदारास विचारून घ्यावें.

कांट्याची पारख व नोंद

नवीन फ्लोट बसविल्यावर कांट्याची एकदां पारख करावी. पंपावर पांच-पांच लिटर मोजून भरावे आणि प्रत्येक वेळीं कांटा कोठें आला तें वहींत लिहावें. टाकीचा आकार वेडावांकडा असल्यामुळें अर्धा कांटा म्हणजे अर्धी टाकी असें सहसा नसतें. महसूल खात्यांतील नोकरींत आम्हांस एक गोष्ट पटली आहे कीं, नजरअंदाजापेक्षां लिहिलेला आंकडा बरा. उदाहरणार्थ, ज्या गाडीस एका लिटरांत १५ किलोमीटर पल्ला मिळतो तींत २० लिटर भरले असतां ३०० किलोमीटर होतात. म्हणून भरल्यापासून २५० किलोमीटर होतांच पुन्हां भरावें, कांटा कांहींहि सांगो. ज्याची अशी नोंद आहे त्याचा कांटा मध्येंच बिघडला तरी त्याची गाडी वाटेंत उभी राहत नाहीं, आणि दुरुस्तीसाठीं सवडीची वेळ निवडतां येते. घाईनें, संध्याकाळीं, अंधारांत टाकी उघडण्याचा प्रसंगच येत नाहीं.

दुर्दैवानें आग लागलीच तर प्रथम माणसें दूर करावीं. आग लहान असेल तर भुकटी किंवा वाळू मारावी. मोठी असेल तर गाडीचा मोह सोडून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. भाजलेल्या भागावर निदान वीस मिनिटें वाहतें थंड पाणी सोडावें. शाई, हळद किंवा तूप लावूं नये. डोळ्यांत पेट्रोल गेल्यास पंधरा मिनिटें पाण्यानें धुऊन वैद्यास दाखवावें.

फ्लोट बदलणें हें काम अवघड नाहीं. स्क्रू काढतां येणारास तें येतें. पण सबूरी असणारासच तें करूं द्यावें. घरांतील तरुण मुलास हें काम शिकवावयाचें असेल तर प्रथम ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीवर, वडील माणसासमोर शिकवावें, आणि पान्हा धरण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडण्याची संवय त्याच्या हातास लावावी. शंका आली तर तेथेंच थांबून तोंड झांकावें व मिस्त्र्यास बोलावावें. दोन-चारशें रुपये मजुरी वांचविण्यासाठीं घरादारास धोक्यांत घालणें कोणत्याहि जमाखर्चांत बसत नाहीं.